ड्रग्जच्या संशयावरून पोलिसांनी कॅश उचलली तर काय करायचं? नाशिककरांसाठी सगळी प्रोसेस

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शिंदे गावातला एमडीचा (म्हणजे मेफेड्रोन या ड्रग्जचा) कारखाना मुंबई पोलिसांनी येऊन पकडला, शेकडो कोटींचा माल निघाला, मोर्चे निघाले, आणि तेव्हापासून आपल्याकडे हा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते ड्रग्जवाल्याचा पैसा दिसला की उचला, नंतर बघू कोणाचा आहे ते, कारण पैसा हातात राहिला तर तोच पैसा जामिनाला लागतो आणि तोच पुढच्या मालाला. दुसरी म्हणते अरे पण अजून काही सिद्धच नाही, संशयावर घरातली सगळी कॅश नेली तर त्या घरानं खायचं काय. मला दोन्ही बाजू पटतात, कारण पंचवटी, सिडको, नाशिकरोडला एमडीत बुडालेली पोरं आणि त्यांच्या आया मी बघितल्यात, आणि मुलाच्या भानगडीत आईचे भिशीचे पैसे मुद्देमालात गेलेलेही बघितलेत. माझं म्हणणं एवढंच आहे की या वादाचा निकाल पंचनाम्याच्या कागदावर लागतो. कागद ढिला असेल तर खरा ड्रग्जवाला पैसे सोडवून नेतो आणि निर्दोष माणूस अडकून पडतो, म्हणजे नुकसान दोन्हीकडून आपलंच.

मी वकील नाही, हिशोबाची कामं करतो, द्राक्षवाले, टोमॅटोवाले, छोटे दुकानदार असे क्लायंट आहेत आणि त्यातल्या काहींच्या निमित्तानं हे सगळं जवळून बघायला मिळालं. वकील तुम्हाला लागणारच आहे, पण वकिलाकडे जाईपर्यंत जे हातातून जातं ते जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी एक गैरसमज. मोबाईलवर अमेरिकेचे व्हिडिओ फिरतात, हायवेवर गाडी थांबवली, कॅश दिसली, पोलीस घेऊन गेले, माणसावर केस पण नाही आणि पैसे परत पण नाहीत. तिकडे खरंच तसा कायदा आहे, केस माणसावर न चालवता थेट पैशावर किंवा गाडीवर चालवता येते, आणि स्थानिक पोलीस केंद्राच्या यंत्रणेबरोबर कारवाईत असतील तर जप्त मालाचा ८० टक्क्यांपर्यंत हिस्सा त्यांच्या खात्याला मिळू शकतो. त्यामुळेच तिकडे इतका वाद आहे, न्यू मेक्सिको राज्यानं २०१५ मध्ये ती पद्धतच बंद केली, आणि २०१९ मध्ये टिम्ब्स नावाच्या माणसाच्या केसमध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बेसुमार दंड करायचा नाही हे घटनेतलं बंधन राज्यांनाही लागू आहे. त्याची ४२ हजार डॉलरची गाडी जप्त झाली होती आणि त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड होता १० हजार डॉलर. आपल्याकडे गणित वेगळं आहे. इथे जप्त झालेली कॅश पोलीस स्टेशनच्या खर्चाला जात नाही, ती कोर्टाच्या हुकमाखाली असते, आणि एनडीपीएसच्या, म्हणजे आपल्या ड्रग्जविरोधी कायद्याच्या, पाच-अ प्रकरणाखाली जी मालमत्ता कायमची सरकारजमा होते तिच्या विक्रीचा पैसा ड्रग्ज रोखण्याच्या राष्ट्रीय निधीत जातो. म्हणून ते व्हिडिओ बघून पोलीस स्टेशनला जाऊन भांडू नका, इथली लढाई कोर्टात आणि कागदावर लढायची असते.

आता मूळ मुद्दा. पोलीस पैसे घेतात तेव्हा ते कोणत्या कलमाखाली घेतले हे सगळ्यात आधी कळलं पाहिजे, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो. साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला, नेहमीचा. संशयास्पद परिस्थितीत सापडलेली वस्तू जप्त करायचा पोलिसांचा अधिकार, आधी सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्याचं, कलम १०२ होतं, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्याचं, बीएनएसएसचं, १०६ झालं. यात जप्ती केली की लगेच मॅजिस्ट्रेटला कळवायचं बंधन आहे.

दुसरा, एनडीपीएसचं कलम ६२, म्हणजे ड्रग्ज विकून आलेला पैसा सरकारजमा. इथे नीट वाचा, पैसा त्याच विक्रीचा आहे हे दिसावं लागतं, ड्रग्ज सापडलेल्या घरात कॅश होती एवढं पुरेसं नाही. आणि कलम ६३ म्हणतं की जप्तीपासून एक महिना व्हायच्या आत, आणि त्यावर हक्क सांगणाऱ्याचं ऐकून घेतल्याशिवाय, सरकारजमा करायचा हुकूम होऊ शकत नाही. हक्क सांगणारा म्हणजे फक्त आरोपी नाही हं, आई, बायको, भाऊ, पार्टनर, ज्याचा पैसा आहे तो कोणीही.

तिसरा प्रकार सगळ्यात जड, एनडीपीएसचं प्रकरण पाच-अ, कलम ६८-अ पासून पुढे, १९८९ मध्ये आलं. यात पोलीस फक्त खिशातली कॅश नाही तर घर, गाडी, बँक खातं, एफडी, सगळं गोठवू शकतात, आरोपीच्या नातेवाईकांच्या नावावरचं सुद्धा. पण हे किरकोळ केसला लागत नाही, १० वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात अटक, वॉरंट किंवा शिक्षा झालेली असावी लागते, किंवा ड्रग्जच्या प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्धतेचा हुकूम असावा लागतो. एमडीचं उदाहरण घ्या, २ ग्रॅमपर्यंत किरकोळ, ५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक. गांजाला १ किलो आणि २० किलो. किरकोळला जास्तीत जास्त १ वर्ष, व्यावसायिकला १० ते २० वर्षं. त्यामुळे पोराकडे एक पुडी सापडली आणि कोणी तुम्हाला सांगितलं की आता तुमचं घर पण जप्त होणार, तर घाबरून कोणाला काही देऊ-घेऊ नका, आधी एफआयआरमधलं कलम आणि वजन बघा.

आता पंचनामा, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. समजा घरी रेड झाली. झडतीत दोन तरी पंच लागतात, शक्यतो आसपासचेच आणि स्वतंत्र, घरातल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहता येतं आणि जप्त वस्तूंच्या यादीची कॉपी त्याला मिळाली पाहिजे. अटक करून अंगझडती घेतली तर काढून घेतलेल्या वस्तूंची पावती द्यावी लागते. आणि बीएनएसएसच्या १०५ नुसार आता झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करणं बंधनकारक आहे, यादी आणि सह्यांसकट, पोलीस त्यासाठी ई-साक्ष्य अ‍ॅप वापरतात. व्हिडिओ चालू आहे का हे शांतपणे विचारा, आवाज चढवू नका, पण विचारा.

पंचनाम्यात कॅश कशी लिहिली आहे ते शब्द न शब्द वाचा. 'रोख रक्कम अंदाजे ८०,०००' असं लिहिलेलं असेल तर तो कागद कोणाच्याच कामाचा नाही. असं पाहिजे, की ५०० च्या १४० नोटा, २०० च्या ४०, १०० च्या २०, एकूण ८०,०००, स्वयंपाकघरातल्या माळ्यावरच्या स्टीलच्या डब्यात, रबर लावलेल्या दोन गड्ड्या, पाकिटात घालून सील, वर पंचांच्या सह्यांचं लेबल. कुठे सापडली हे आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. माळ्यावरच्या डब्यात भिशीच्या वहीसोबत ठेवलेले पैसे आणि ड्रग्जच्या पुड्या ठेवलेल्या बॅगेत त्याच कप्प्यात सापडलेले पैसे, दोन्ही आकड्यानं ८० हजारच, पण कोर्टापुढे जमीन-अस्मानाचा फरक. बऱ्याचदा पोलीस सगळी कॅश एकत्र करून टेबलावर ठेवतात आणि मग फोटो काढतात, आईच्या कपाटातले, पोराच्या खिशातले, गल्ल्यातले सगळे एकच ढीग. तसं होत असेल तर तिथेच सांगा की साहेब वेगवेगळं लिहा, आणि लिहिलं नाही तर दुसऱ्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवा, पोच घ्या.

नोटांचे नंबर हाही विषय आहे. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेली असो नाहीतर दुसरीकडची, प्रत्येक नोटेवर नंबर असतोच, आणि पोलीस बनावट गिऱ्हाईक पाठवतात तेव्हा त्याला दिलेल्या नोटांचे नंबर आधीच पंचनाम्यात लिहून घेतात. त्याच नंबरच्या नोटा आरोपीकडे सापडल्या तर तो पुरावा भारी पडतो. पण त्या दोन नोटांमुळे शेजारच्या डब्यातले बाकी पैसे आपोआप ड्रग्जचे होत नाहीत, हे वकिलाला आवर्जून मांडायला सांगा. आणि उलट बाजूनंही हेच खरं आहे, ज्यांना वाटतं ड्रग्जवाल्याचा पैसा सुटूच नये त्यांनी पोलिसांकडे हाच आग्रह धरला पाहिजे की नंबर लिहा, जागा लिहा, शूटिंग करा. मोहल्ला कमिटीच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही.

अंगझडतीबद्दल एक गोष्ट. अंगाची झडती घ्यायची असेल तर एनडीपीएसच्या कलम ५० खाली माणसाला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घ्यायचा तुला हक्क आहे. हातातल्या बॅगेला हे लागू नाही. आणि धाकानं लिहून घेतलेल्या कबुलीवर 'हे पैसे माल विकूनच आलेत' असं असेल तर लगेच हार मानू नका, तोफान सिंग केसमध्ये २०२० ला सुप्रीम कोर्टानं एनडीपीएसच्या अधिकाऱ्यापुढचा असा जबाब आरोपीविरुद्ध कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाही असं सांगितलंय.

मग पुढचे काही दिवस काय करायचं? एफआयआरची कॉपी काढा, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, तपासी अंमलदाराचं नाव एका वहीत लिहा, मुद्देमाल पावती नंबर विचारून घ्या. आणि लगेच, म्हणजे खरंच लगेच, पैसा कुठून आला त्याचे कागद गोळा करायला घ्या. इथे माझा रोजचा धंदा कामाला येतो म्हणून सांगतो. शेतकरी असाल तर मार्केटची हिशोबपट्टी, पिंपळगाव असो लासलगाव असो की आपलं पंचवटीतलं मार्केट यार्ड, पट्टीवर तारीख, वजन, भाव, रक्कम सगळं असतं. त्याच्यासोबत सातबारा आणि ई-पीक पाहणी, म्हणजे त्या शेतात ते पीक होतंच हे दिसतं. बँकेतून काढले असतील तर पासबुकाची एन्ट्री. भिशी असेल तर भिशीची वही आणि इतर मेंबरांचे जबाब, सोनं गहाण ठेवलं असेल तर सोनाराची किंवा बँकेची पावती. दुकानदार असाल तर कॅशबुक आणि जीएसटीचे रिटर्न. व्हॉट्सअ‍ॅपवर 'भाऊ मजुरांचे पाठवतो' असे मेसेज असतील तर फोन फॉरमॅट करू नका.

तारखा जुळल्या पाहिजेत हे मी प्रत्येकाला सांगतो. एका क्लायंटचा पुतण्या द्राक्षबागेच्या मजुरांचे पैसे घेऊन मित्राच्या गाडीवर निघाला होता, मित्राच्या खिशात पुडी निघाली, दोघांनाही नेलं, आणि पुतण्याकडची कॅश पण मुद्देमालात. त्याच्याकडे आदल्या दिवशीची बँकेतून पैसे काढल्याची स्लिप होती, छाटणीच्या मजुरांची हजेरी होती, आणि काढलेली रक्कम आणि सापडलेली रक्कम यातला फरक पेट्रोल-चहाएवढाच. सरकारी वकिलांना फारसं विरोधाला काही उरलं नाही. तेच जर तीन महिन्यांपूर्वीची पट्टी दाखवली असती तर मधल्या तीन महिन्यांत पैसे कुठे होते हा पहिला प्रश्न आला असता.

खोटी बिलं मात्र बनवू नका, कोणी कितीही ओळखीचा आडत्या पट्टी फाडून देतो म्हणाला तरी. पैसे जातीलच, शिवाय खोटा पुरावा तयार केल्याचा वेगळा गुन्हा लागेल. आणि पैसा खरंच ड्रग्जचा असेल तर हे गाईड तुमच्यासाठी नाही. घरात कॅश किती ठेवायची याला कायद्यात मर्यादा नाही, पण एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर इन्कम टॅक्सचा दंड आहे, आणि इन्कम टॅक्सवाले पोलिसांनी जप्त केलेली कॅश स्वतःकडे मागूनही घेऊ शकतात. म्हणून कोर्टात एक आकडा आणि रिटर्नमध्ये दुसरा असं चालणार नाही, अर्ज लिहिण्याआधी वकील आणि हिशोबनीस दोघांना एकत्र बसवा.

कोर्टातला अर्ज. बीएनएसएसचं ४९७ आणि ५०३, आधीची ४५१ आणि ४५७, म्हणजे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज. ३ वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर केस स्पेशल कोर्टात चालते, सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात जाऊन आपली केस कोणत्या कोर्टात आहे ते आधी बघा, ग्रामीण हद्दीतला गुन्हा असेल तर दुसरीकडे जावं लागू शकतं. अर्ज ज्याचा पैसा त्याच्याच नावानं करा. आईचे पैसे असतील तर आरोपी मुलाच्या अर्जात घुसवू नका, आईचा वेगळा अर्ज, वेगळं अ‍ॅफिडेव्हिट, तिचेच कागद. अर्ज दिला की कोर्ट सरकारी वकील आणि तपासी अंमलदाराचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो, तारखा पडतात, से येत नाही, पुन्हा तारीख. वकिलाला प्रत्येक तारखेला रोजनाम्यात नोंद करून घ्यायला सांगा.

हातात दोन गोष्टी ठेवा. एक, सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात, सुप्रीम कोर्ट, २००२, त्यात स्पष्ट सांगितलंय की जप्त वस्तू पोलीस स्टेशनला १५ दिवस ते १ महिना यापेक्षा जास्त पडून राहू नयेत, आणि नोटांचा सविस्तर पंचनामा आणि फोटो करून, बाँड घेऊन त्या सोडता येतात. दोन, बीएनएसएस ४९७ मध्येच आता लिहिलंय की माल कोर्टापुढे आल्यावर १४ दिवसांत त्याची यादी करायची, फोटो-व्हिडिओ काढायचे, आणि त्यानंतर ३० दिवसांत त्याचं काय करायचं त्याचा हुकूम. प्रत्यक्षात हे वेळेत होतंच असं नाही, पण कायद्यात आहे म्हणून मागता येतं. एनडीपीएसमध्ये आहे म्हणून मध्येच काही सुटत नाही असं कोणी म्हणालं तर जानेवारी २०२५ चा बिश्वजित डे विरुद्ध आसाम बघा, तो गाडीबद्दल आहे पण सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की एनडीपीएसमध्ये तात्पुरत्या सुपूर्दीला थेट मनाई नाही.

बँक खातं गोठवलं असेल तर बँकेत जाऊन मॅनेजरकडून लेखी घ्या, कोणाच्या पत्रावरून, कोणत्या कलमाखाली. खातं हीसुद्धा जप्त करता येणारी मालमत्ता आहे हे सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्येच तापस निओगी केसमध्ये ठरवलंय, त्यामुळे गोठवलंच कसं म्हणून वाद घालण्यात दम नाही. पण कलम ६८-फ खाली गोठवलं असेल तर दोन घड्याळं चालू होतात. हुकमाची कॉपी ४८ तासांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, आपल्यासाठी ते मुंबईला आहे, आणि ३० दिवसांत त्यांनी तो हुकूम कायम केला नाही तर तो लागूच राहत नाही. तुम्हालाही कॉपी मिळाली पाहिजे. ३१ व्या दिवशी लेखी विचारा, कायम केल्याचा हुकूम कुठे आहे.

तिथून पुढे कलम ६८-ह ची, म्हणजे ही मालमत्ता सरकारजमा का करू नये अशी, नोटीस आली तर ३० दिवसांत उत्तर, आणि इथे मात्र सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, पैसा स्वच्छ आहे हे तुम्ही दाखवायचं. मला या तरतुदीचा त्रास वाटतो आणि तरीही ती पूर्ण काढून टाकावी असं मी म्हणणार नाही, कारण मोठा ड्रग्जवाला स्वतःच्या नावावर काहीच ठेवत नाही, सगळं मेव्हण्याच्या आणि ड्रायव्हरच्या नावावर असतं, आणि पोलिसांनी प्रत्येक रुपयाचा माग काढायचा म्हटलं तर ते कधीच होणार नाही. पण मग पोलिसांनी चुकीचं केलं तर त्याची शिक्षा पण तितकीच जड पाहिजे ना. कलम ५८ मध्ये विनाकारण, त्रास द्यायला म्हणून जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि दंडाचा आकडा अजूनही १,००० रुपये आहे. कोणाला धाक वाटणार या आकड्याचा? हा आकडा बदला अशी मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे करायला पाहिजे, आणि ती मागणी ड्रग्जवाल्यांच्या बाजूची अजिबात नाही.

अटकेच्या ६ वर्षांपेक्षा आधी घेतलेली मालमत्ता पाच-अ प्रकरणाखाली सरकारजमा होत नाही, म्हणून जुन्या घराचे खरेदीखत, जुन्या एफडीच्या पावत्या शोधून काढा. सक्षम प्राधिकाऱ्याचा हुकूम विरोधात गेला तर हुकूम हातात पडल्यापासून ४५ दिवसांत ट्रिब्युनलकडे अपील. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, १५१०० वर फोनही लागतो. महिलांना तिथे उत्पन्न न बघता वकील मिळतो, म्हणजे ज्या आईचे पैसे गेलेत ती स्वतः जाऊ शकते, कोठडीतल्या माणसालाही मिळतो.

केसमध्ये निर्दोष सुटका झाली तर पाच-अ प्रकरणाखाली गोठवलेली मालमत्ता कलम ६८-झेड नुसार सुटते, सरकारनं अपील केलं असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत थांबावं लागतं. साध्या मुद्देमालाचं काय करायचं ते निकालपत्राच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं, ते पान लोक वाचतच नाहीत, सुटलो या आनंदात घरी जातात आणि पैसे मुद्देमाल खोलीत पडून राहतात. हुकमाची सर्टिफाइड कॉपी काढा, ओळखपत्र घेऊन जा, मुद्देमाल कारकुनासमोर सील फोडायच्या आधी पाकिटाचा फोटो घ्यायची परवानगी मागा, पंचनाम्यातल्या नोटांशी एकेक गड्डी ताडून बघा, कमी असेल तर सही करण्याआधी तिथेच लेखी द्या. बाँडवर परत मिळाले असतील तर केस संपेपर्यंत कोर्टानं मागितले की तेवढी रक्कम भरायची तयारी ठेवावी लागते, म्हणून ते त्याच दिवशी बँकेत भरा आणि स्लिप कोर्टाच्या हुकमाच्या कॉपीला टाचून ठेवा.